दोन गाठींमधलं अंतर

खंड १. व्याप्ती

हे मानक संत्रा, मोसंबी व तत्सम फळबागांमध्ये बसवल्या जाणाऱ्या बिनतारी जाळ्यांना लागू राहील. पेट्या कोणत्याही कंपनीच्या असोत, त्यांनी एकमेकींशी बोलले पाहिजे. हे मानक माणसांना लागू नाही.

यातलं शेवटचं वाक्य मसुद्यात नव्हतं. ते दिपालीनं छापील प्रतीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, दोनदा वाचलं आणि खोडरबरानं पुसलं. कागदावर करडा डाग तेवढा राहिला. समितीच्या सचिवानं असलं काही लिहायचं नसतं. चौदा माणसांनी ठरवलेलं एका माणसानं नीट लिहायचं, एवढंच त्याचं काम, आणि दिपाली रेवतकर अडीच वर्षं तेच करत आली होती.

नोकरी नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या एका संस्थेत. गाव मात्र नरखेड तालुक्यातलं, जिथं मुलं आधी संत्र्याच्या झाडावर चढतात आणि मग शाळेत जातात.

खंड २. व्याख्या

गाठ: खांबावर बसवलेली अशी पेटी, जी शेजारच्या पेटीचा निरोप ऐकते आणि पुढच्या पेटीला सांगते. जी ऐकते पण पुढे सांगत नाही, तिला या मानकात गाठ म्हणू नये.

ही व्याख्या दिपालीची. ‘नोड’ लिहा आणि मोकळ्या व्हा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. अध्यक्ष प्रेमानंद सर तेवढे तिच्या बाजूनं बोलले. "लिहू द्या पोरीला. जाळं म्हटलं की गाठ आलीच."

प्रेमानंद सर दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. जन्म छप्पन सालच्या डिसेंबरातला. "आई दीक्षाभूमीवर उभी होती तेव्हा मी पोटात होतो," असं ते सांगत, आणि पुढे हसून म्हणत, "म्हणून मला गर्दीत झोप छान लागते." बैठकीत मात्र ते कधी डुलकी घेत नसत. हे मानक व्हावं हा त्यांचा ध्यास होता. ते झालं नाही तर प्रत्येक कंपनी आपापली मुकी पेटी विकणार, एकीची पेटी दुसरीशी बोलणार नाही आणि बागवाला एकाच दुकानाला जन्माचा बांधला जाणार, हे त्यांनी टेलिफोनच्या जमान्यात पाहिलं होतं.

निरोप: जसे, मोटर सुरू कर, मोटर बंद कर, थांब.

तर या ‘थांब’चं ऐका. बागेच्या एका टोकाला विहीर असते आणि विहिरीवर पंप. त्याचा स्टार्टर दुसऱ्या टोकाला, रस्त्यालगतच्या डीपीपाशी. मधे साडेचारशे मीटर झाडं. पंपात हात घालायचा तर आधी चालत जाऊन मेन स्विच पाडायचा, मग चालत परत यायचं, काम झालं की पुन्हा जायचं. जाळं बसलं की हे चालणं वाचणार होतं. विहिरीजवळच्या गाठीवरचं लाल बटण दाबायचं. निरोप सहा गाठींमधून हातोहात स्टार्टरपर्यंत जाणार. मोबाइलचा निरोप थेट स्टार्टरलाच जातो; पण तिथं ‘थांब’ आधी पोचलं असलं, की कोणी घरबसल्या मोटर सुरू करायला गेलं तरी ती सुरू होणार नाही.

बटणाशेजारी एक हिरवा दिवा. पहिल्या शेजारणीनं निरोप ऐकला की तो लागे. शेवटच्या गाठीनं ऐकला की नाही, हे तो सांगत नसे. त्याला बॅटरी फार लागली असती.

खंड ५.३. दोन गाठींमधले अंतर

फळबागेत दोन गाठींमधले अंतर नव्वद मीटरपेक्षा जास्त असू नये.

हा नव्वदचा आकडा दिपालीनं आणला होता. गावातून.

गेल्या डिसेंबरात समितीला एक बाग हवी होती, खरी, मोजमाप घ्यायला. दिपालीनं चंद्रभान काकांना फोन लावला. नात्यानं काका नव्हेत, घराला घर लागून. तिकडून आवाज आला, "आत्ताच ये वं. ताण देला हाये. पानी बंद, चिखल नाई, मानसं रिकामी. तुह्या गाडीचं चाक फसनार नाई."

ताण म्हणजे झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवणं. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत महिना-दीड महिना बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, निम्मी गळतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग एक दिवस पाणी सोडायचं, की ते झाड फुलांनी फुटून निघतं. संत्र्याच्या पट्ट्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस दोघं बागेत होती. काका बांबूच्या टोकाला पेटी बांधून उभे, दिपाली टेप आणि लॅपटॉप घेऊन.

"काका, बांबू सरळ धरा ना."

"सरळच हाये. तुहं मशीन वाकडं असन."

"मशीन जर्मनीचं आहे."

"मंग सांग त्याले, इथं नरखेड हाये म्हनून."

शंभर मीटरवरून शंभरातले सत्त्याण्णव निरोप पोचले. दहा मीटर सावधगिरीचे वजा केले. नव्वद.

चाचणी-पत्रकात सातवा रकाना होता: झाडांची स्थिती. पुढे दोनच चौकोन: (अ) निष्पर्ण (ब) पानांसह. दिपालीनं ‘ब’वर खूण केली. संत्र्याचं झाड निष्पर्ण कधी होत नाही, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. ताणात पानं निम्मी होतात हेही तितकंच ठाऊक होतं. इतकं, की ते लिहायचं असतं हे तिच्या मनातच आलं नाही. मुंबईचा कोणी आला असता तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, ही झाडं अशी आजारल्यासारखी का दिसतात? तिनं विचारलं नाही.

घटना-अहवाल (एक पान)

कारण: मुख्य स्विच बंद न करता पंपात हात घातला. दुय्यम कारण: सहमालकाने खात्री न करता मोटर सुरू केली. जाळ्यात दोष आढळला नाही.

झालं ते असं. मे महिन्यात काकांच्याच बागेत पहिलं जाळं बसलं, नव्वद-नव्वद मीटरवर सहा गाठी. उन्हाळाभर चाललं. पावसाळ्यात मोटर बंदच होती. सप्टेंबरात पावसानं पंधरा दिवस ओढ दिली तेव्हा पंप सुरू करायची वेळ आली, आणि पंप जाम निघाला. असा पंप सोडवायची रीत ठरलेली आहे: पंख्यावरची जाळी काढायची आणि पंखा हातानं गरगर फिरवायचा. काकांनी लाल बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. त्यांनी जाळी काढली.

विहीर दोन भावांची सामाईक. धाकटा भाऊ वारलेला, त्याची बाग त्याचा मुलगा ऋषिकेश बघतो. त्या दिवशी पाण्याची पाळी ऋषिकेशची, आणि तो मोसंबीची गाडी घेऊन नागपुरात कळमन्याच्या यार्डात उभा. मोबाइलच्या पडद्यावर ‘तयार’ असं दिसत होतं. त्यानं बोट टेकवलं.

काकांच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

आता कोणी म्हणेल, दोनच बोटं, जीव वाचला. पण चंद्रभान काका हे डोळे बांधणारे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूनं उभी-आडवी चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरून डोळा नखाएवढा सोलून त्या चिरेत सरकवायचा, वर पट्टी आवळायची, की जंबेरीच्या मुळावर संत्रा वाढतो. हंगामात काका दिवसाला आठशे डोळे बांधत आणि त्यातले साडेसातशे धरत. तालुक्यातल्या निम्म्या बागांमध्ये त्यांच्या बोटांची झाडं उभी होती. डोळा सरकवतात तो अंगठ्यानं आणि त्याच दोन बोटांनी.

गावानं काही अहवाल वाचला नव्हता, पण दुय्यम कारण गावाला तोंडपाठ झालं. पुतण्यानं चुलत्याचा हात कापला. काकांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, ऋषिकेशच्या हातचं पाणी सोडलं. दोन घरांमधे कमरेएवढी भिंत, भिंतीत येण्याजाण्याचं खिंडार, आणि खिंडारात आता काटेरी बोराटीचा झाप लावलेला. ऋषिकेशनं स्वतःही वाद घातला नाही. विचारलं तर एवढंच म्हणे, "बोट तर मीच लावलं ना."

शेरा क्र. ४१

खंड ५.३. प्रकार: संपादकीय. बागेचे छायाचित्र जोडल्यास वाचकास सोयीचे होईल.

कोणत्याही मानकाचा मसुदा आधी लोकांपुढे ठेवतात, त्यावर शेरे येतात, मग समिती एकेका शेऱ्याचा निकाल लावते. नोव्हेंबरात दिपाली ते शेरे एकत्र करत होती. एकेचाळिसावा कोइमतूरच्या कुण्या प्राध्यापकाचा, अगदी निरुपद्रवी. तिनं जानेवारीतले फोटो उघडले.

पहिल्याच फोटोत काका बांबू धरून उभे. दोन्ही हातांनी, दहा बोटांनी. ती तिथं थांबली, कारण तिथं कोणीही थांबलं असतं. मग नजर मागे गेली. काकांच्या मागे झाडांच्या ओळी, आणि ओळींमधून आरपार, शंभर मीटरवर, विहिरीचं चुन्यानं रंगवलेलं तोंड. पंपाचा निळा रंगसुद्धा ओळखू येत होता.

संत्र्याच्या बागेतून शंभर मीटरवरची विहीर दिसते कशी?

तिनं स्वतःच्याच फोटोला हा प्रश्न विचारला आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. कुठं जायचं होतं असं नाही.

रविवारी काटोलमार्गे एस.टी.नं ती गावी गेली. बाग फळांनी वाकलेली, तोडणी सुरू. जिथून फोटो काढला होता तिथं ती उभी राहिली. तिसऱ्या ओळीपलीकडे काही दिसेना. गच्च हिरवं, आणि त्या हिरव्यात पाणी भरलेलं. पानातलं पाणीच निरोप गिळतं, हे ती बैठकीत पाहुण्यांना समजावून सांगत असे.

काका बांबू घेऊन आले. विचारलंही नाही कशाला म्हणून. डाव्या हातानं धरला, उजव्या कोपराखाली आवळला.

"सरळ हाये ना?" ते म्हणाले.

"आहे काका."

नव्वद मीटर. शंभरातले एकतीस. तिनं पुन्हा मोजलं. एकोणतीस. जवळ जवळ सरकत गेली, तेव्हा चाळीस मीटरवर कुठं शंभरातले शहाण्णव आले. मग पेट्यांच्या आतली नोंद काढली, सप्टेंबरातल्या त्या सकाळची. ‘थांब’ हा निरोप पहिल्या गाठीकडून दुसरीनं घेतला होता, दुसरीकडून तिसरीनं, तिसरीकडून चौथीनं. चौथीनं तो सात वेळा पुढे पाठवला होता. पाचवीकडे त्याची नोंद नव्हती.

"किती आले गा?" काकांनी लांबून ओरडून विचारलं. बागेत बोलताना ते बाई-माणूस बघत नसत, सगळ्यांना गड्यासारखं ‘गा’च म्हणत.

"सांगते," दिपाली म्हणाली.

सांगितलं नाही. घरी रुखमाबाईनं पितळी गडवा भरून पाणी दिलं, भाकर खाऊन जा म्हणाल्या, आणि ताटावर बसल्याबसल्या पुतण्याचा उद्धार केला. "तुह्यासारखं शिकलं असतं पोट्टं तं अक्कल आली असती. मोबाइल हातात आला तं वाटलं राजा झालो." भिंतीपलीकडे कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. तिकडे ऐकू जात होतं. दिपालीनं घास गिळला, आणि साडेतीनची एस.टी. धरली.

संपादकीय / तांत्रिक (एकावर खूण करा)

प्रेमानंद सरांचं घर इंदोऱ्यात. सोमवारी सकाळी त्यांनी तिचे कागद चष्मा वर करून, खाली करून, दोन्ही तऱ्हांनी वाचले. चहा गार झाला.

"ताण," ते म्हणाले. "मला शब्द माहीत आहे. बाजारात ऐकलाय. पण बघ, मी शहरातला. तू सांगितलं नाहीस तर मला कुठून कळणार?"

"हो सर."

"म्हणजे मी तुला दोष देत नाहीये."

"मी देते आहे."

सरांनी गार चहा एका घोटात संपवला. मग अध्यक्षासारखे बोलले. "हे बघ. नव्वदच्या खाली एक टीप टाकू. ‘दाट पर्णसंभार असल्यास अंतर चाळीस मीटर ठेवणे इष्ट.’ शेरा एकेचाळीस संपादकीयच आहे, त्याच्याच पोटात बसवू. माझ्या सहीनं होऊन जाईल. तांत्रिक केलंस तर मसुदा परत सगळीकडे जाणार. एक वर्ष, कदाचित दीड. तोवर कंपन्या थांबतील? विनामानक खांब रोवत सुटतील. ना नव्वद, ना चाळीस, ज्याच्या मनाला येईल ते. मग किती बोटं जातील ते तू मोज."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. दिपाली रात्रभर स्वतःशी हेच बोलली होती, जवळपास याच शब्दांत.

"सर, चाळीस कुठून आणायचा?"

"तू मोजलास ना काल?"

"एका रविवारी. एका बागेत. नोव्हेंबरात. तेव्हाही असंच मोजलं होतं." तिनं कप बशीत सरळ केला. "ऑगस्टात पानं ओली असतात. तेव्हा चाळीस पुरेल का, मला माहीत नाही. आणि संपादकीय शेऱ्याला कारणाचा रकाना नसतो."

"कारण लिहायचंय तुला."

"काकांचा पुतण्या आहे सर. ऋषिकेश. त्याच्या पडद्यावर ‘तयार’ होतं. पडद्यानं खोटं सांगितलं, कारण चौथी गाठ पाचवीपर्यंत पोचली नाही. ती पोचली नाही, कारण मी त्यांना नव्वद मीटरवर उभं केलं. दोन महिने त्याच्या हातचं पाणी चुलत्याच्या घरचं कोणी पीत नाही. टीप टाकली तर पुढच्यांची बोटं वाचतील. त्याचं काय?"

सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसायला घेतला, मग आपण पँट घातली आहे हे लक्षात आल्यावर रुमाल शोधला.

"सचिवपद जाईल तुझं," ते म्हणाले.

"जाईल."

"आणि माझ्या हयातीत हे मानक होतं की नाही, तेही बघ."

ती उठली, कागद गोळा केले. दारापर्यंत सोडायला ते आले नाहीत, दरवेळी येत.

शेरा क्र. ११६

खंड ५.३. प्रकार: तांत्रिक. शेरा देणार: समितीचे सचिव.

बैठक त्याच आठवड्यात, गुरुवारी. एकशे पंधरा शेरे दुपारपर्यंत संपले. एकेचाळिसाव्याला सगळ्यांनी ‘फोटो जोडू’ म्हटलं. मग दिपालीनं एकशे सोळावा पडद्यावर आणला आणि उभं राहून वाचला, सचिव वाचतात तसाच, सपाट आवाजात.

"कारण: नव्वद मीटर हे अंतर ताण दिलेल्या बागेत मोजलेले आहे. चाचणी-पत्रकात ताणाचा उल्लेख नाही. बागमालकाने तो फोनवर सांगितला होता. पत्रक भरणाऱ्या व्यक्तीला ताण म्हणजे काय हे पूर्ण माहीत होते. सप्टेंबरातील अपघातात ‘थांब’ हा निरोप चौथ्या गाठीपुढे गेला नाही. मोटर सुरू करणाऱ्यास ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्याचा दोष नाही. पत्रक दिपाली रेवतकर यांनी भरले."

पेट्या बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली नूपुर पहिल्यांदा बोलली. तिशीची, हुशार, दिपालीची दुपारच्या डब्याची सोबतीण. "अगं, तू काय करतेयस? अहवाल बंद झालाय. दोष नाही म्हटलंय. तू स्वतःहून कशाला अंगावर ओढून घेतेस? उद्या त्या माणसानं कोर्टात हा कागद ठेवला तर?"

"ठेवू दे. त्याच्यासाठीच आहे."

"आणि आम्ही? एकवीस गावांत पेट्या बसल्यात आमच्या."

"म्हणून तर. आज परिपत्रक काढा. बटणावर विसंबू नका, मेन स्विच हातानं पाडा. आणि लांबून मोटर सुरू करायची सोय बंद ठेवा. हे तर तुम्ही संध्याकाळपर्यंत करू शकता, नूपुर. त्याला मानक लागत नाही."

नूपुर फोन घेऊन बाहेर गेली. काचेतून ती कोणाला तरी हातवारे करून समजावताना दिसत होती. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. "बंद करताहेत," ती म्हणाली, आणि दिपालीपासून दोन खुर्च्या सोडून बसली.

प्रत्येक शेऱ्यापुढे शेवटचा रकाना निकालाचा. तो अध्यक्ष भरतात. प्रेमानंद सरांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"मला पटलं म्हणून सही करत नाहीये, एवढं कार्यवृत्तात लिहा," ते म्हणाले. "मॅडमनी सोमवारी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला चार दिवसांत सापडलं नाही, म्हणून करतोय." आणि लिहिलं: स्वीकारले.

नवा सचिव त्याच बैठकीत नेमला गेला. त्या दिवसाचं कार्यवृत्त मात्र दिपालीनंच लिहिलं, कारण पेन तिच्या हातात होतं. सरांचं वाक्य तिनं शब्दशः घातलं.

खंड ५.३. (पुनर्मसुदा)

फळबागेत दोन गाठींमधले अंतर ........ मीटरपेक्षा जास्त असू नये.

टीप: ही जागा एक पूर्ण वर्ष, ताणासह व पावसासह, मोजमाप होईपर्यंत रिकामी ठेवावी. हिरवा दिवा शेवटच्या गाठीने निरोप ऐकल्यावरच लागावा. त्यास बॅटरी लागेल.

शुक्रवारी दुपारी दिपाली गावी पोचली. रुखमाबाईनं गडवा भरून आणला. ती प्यायली नाही, गडवा समोर ठेवून तिनं पिशवीतून कागद काढला. काका ओसरीवर होते. समोर जंबेरीची चार रोपं, डाव्या हातात चाकू. चिरा वाकड्या गेल्या होत्या.

"काका, वाचू का?"

"वाच ना वं."

तिनं एकशे सोळावा शेरा वाचला. वाचता वाचता मानकाची भाषा सुटत गेली, शेवटच्या दोन ओळी तिनं घरच्या बोलीत सांगितल्या. "ऋषीच्या मोबाइलवर काहीच आलं नव्हतं. त्याले कळनार कसं? चूक माही हाये."

तोडणीच्या मजुरांचा आवाज बागेतून येत होता.

"ताण हाये हे म्याच सांगतलं होतं तुले," काका म्हणाले. "फोनवर."

"हाव. तुमी सांगतलं होतं."

"मंग?"

"म्या लिहिलं नाई."

"काहून?"

तिनं खूप शोधलं. "मले वाटलं, हे काय लिहायचं."

काकांनी चाकू मिटला. तो नीट मिटेना, तेव्हा मांडीवर दाबून मिटला. त्यांचा चेहरा रागानं भरून आला होता, आणि राग कुठं ठेवावा हे त्यांना समजत नसावं, कारण ते एकदा तिच्याकडे, एकदा हाताकडे, एकदा भिंतीकडे बघत होते.

रुखमाबाई उठल्या. दिपालीपुढचा भरलेला गडवा त्यांनी उचलला, अंगणाच्या कडेला नेऊन ओतला. तसाच रिकामा गडवा घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या. बोराटीचा झाप एका हातानं ओढला. काटे रुतले असतील, पण सोडला नाही, पार बाजूला फेकला.

"ऋषी," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. "अरे ऋषी! घरात पानी नाई. भरून आन."

पलीकडे आधी काहीच हललं नाही. मग ऋषिकेश ओसरीवरून उतरून आला. त्यानं गडव्याकडे पाहिलं, मग काकूकडे, आणि दोन्ही हात पुढे केले. आत गेला. माठावर वाटी आपटल्याचा आवाज झाला, एकदा, पुन्हा एकदा. काठोकाठ भरलेला गडवा त्यानं आणला, पाणी मनगटावरून सांडत होतं. रुखमाबाई तिथंच, खिंडारात उभ्या राहून, वरून ओतून, घटाघटा प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. पदर तोंडावरच राहिला.

दिपालीनं कागदाची घडी घातली आणि काकांच्या चाकूशेजारी ठेवली. उठली. बांबू ओसरीच्या कोपऱ्यात होता. तिनं तो घेतला, पेटी टोकाला बांधली आणि एकटीच बागेकडे निघाली. बांबू एकटीनं धरून टेप लावता येत नाही, हे तिला दुसऱ्या ओळीपाशी लक्षात आलं. तिनं तो जमिनीत रोवायचा प्रयत्न केला. माती टणक होती.

मागून पायांचा आवाज आला.

"वाकडा हाये," चंद्रभान काका म्हणाले, आणि त्यांनी डावा हात पुढे केला. तिच्याकडे बघितलं नाही. "कागद काढ. आज तारीख किती, पानं कशी, फळं किती, जमीन वली का कोरडी, सगळं म्या सांगतो. तू फक्त लिही."